व्यस्त, पण कशाच्या संदर्भात? अकरावीच्या एका उत्तरपत्रिकेचे प्रकरण

अकरावी विज्ञान शाखा. 'फंक्शन्स'चा धडा संपल्यावर घेतलेली सात प्रश्नांची, चौदा गुणांची, अर्ध्या तासाची चाचणी. विद्यार्थिनी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली, समीकरणे सफाईने सोडवणारी, पायऱ्या न गाळणारी. तिला पडले ४ गुण. सातपैकी एकच उत्तर पूर्ण बरोबर होते.

ही उत्तरपत्रिका अभ्यासासाठी रचलेली आहे, ती कोणा एका मुलीची नाही. पण हा धडा शिकवणाऱ्या कुणालाही तिच्यातली एकही चूक नवी वाटणार नाही. वर्गात चलांसाठी इंग्रजी अक्षरे वापरतात, इथे क्ष आणि य ही जुनी मराठी अक्षरे घेतली आहेत. फलाला, म्हणजे आत गेलेल्या प्रत्येक किमतीसाठी ठरलेली एकच किंमत बाहेर देणाऱ्या नियमाला (फंक्शनला), फ म्हटले आहे आणि त्याच्या इन्व्हर्सला, म्हणजे व्यस्त फलाला, फ⁻¹.

प्रश्न आणि तिची उत्तरे अशी:

१. फ(क्ष) = ४क्ष − ७, तर फ⁻¹(क्ष) काढा. तिचे उत्तर: (क्ष + ७)/४. बरोबर.

२. वरच्याच फलासाठी फ⁻¹(११) काढा. तिचे उत्तर: फ(११) = ३७, म्हणून १/३७. खरे उत्तर १८/४, म्हणजे ४.५.

३. फ(क्ष) = (२क्ष + ३)/(क्ष − ४), क्ष ≠ ४. फ⁻¹ काढा. तिने अक्षरांची अदलाबदल केली आणि य = (२य + ३ + ४क्ष)/क्ष इथवर येऊन थांबली. उत्तराखाली रेघ मारलेली आहे, म्हणजे तिच्या मते गणित संपले.

४. फ(क्ष) = (क्ष − २)² + १, क्ष ≤ २. फ⁻¹ काढा. तिचे उत्तर: २ + √(क्ष − १).

५. वस्तूच्या मूळ किमतीवर १८ टक्के जीएसटी लावून बिल २९५० रुपये झाले. मूळ किंमत किती? तिचे उत्तर: २९५० चे १८ टक्के ५३१, म्हणून २४१९ रुपये.

६. आलेखावर (०, १), (१, ३), (२, ४) हे बिंदू आहेत. फ⁻¹ चे बिंदू दाखवा. तिचे उत्तर: (०, −१), (१, −३), (२, −४).

७. 'संख्येत ३ मिळवा, मग ५ ने गुणा' या फलाचे व्यस्त सांगा. तिचे उत्तर: ३ वजा करा, मग ५ ने भागा.

तिसऱ्या आणि चौथ्या प्रश्नाला पायऱ्यांचा एकेक गुण मिळाला. बाकी शून्य.

अशी उत्तरपत्रिका हाती आली की 'सराव कमी पडला' असा शेरा मारून आणखी वीस गणिते देण्याचा मोह होतो. पण पहिला आणि दुसरा प्रश्न शेजारी ठेवून पाहा. फल एकच आहे. सूत्र मागितले तेव्हा तिने ते अचूक काढले. त्याच फलाची एक किंमत मागितली तेव्हा मात्र स्वतःचे सूत्र एका ओळीवर हजर असूनही तिने ते वापरले नाही, सरळ फ(११) ची किंमतच उलटी केली. 'अदलाबदल करा आणि य साठी सोडवा' ही कृती तिला पाठ आहे. त्या कृतीतून हाती काय येते, हे तिला माहीत नाही. म्हणून पहिल्या प्रश्नासारखी वीस गणिते दिली तर वीसही बरोबर येतील आणि दोष जिथल्या तिथे राहील.

नुसते विचारले तरी हे बाहेर येते.

'फ⁻¹(११) म्हणजे काय काढायचं होतं, सांग बरं.'

'अकराचं इन्व्हर्स, सर. म्हणजे व्यस्त. आधी अकरा टाकून किंमत काढली, मग व्यस्त केली.'

'आणि सहाव्या प्रश्नात उणे चिन्ह कुठून आलं?'

'तेही व्यस्तच ना? खालच्या बाजूला.'

इथे तिने काहीही मनाने रचलेले नाही. शाळेने तिला 'व्यस्त' हा शब्द तीनदा शिकवला. ५ ची बेरीज व्यस्त −५. ५ ची गुणाकार व्यस्त १/५. आणि आठवीतले व्यस्त चलन, ज्यात एक राशी वाढली की दुसरी घटते आणि दोघींचा गुणाकार कायम राहतो. अकरावीत चौथा अर्थ आला, तो इंग्रजी नावाने, आणि आधीच्या तिघांशी त्याचे नाते कुणी सांगितले नाही. दुसऱ्या प्रश्नात तिने गुणाकार व्यस्त घेतली आणि सहाव्यात बेरीज व्यस्त. सेमी-इंग्रजीतून आलेल्या मुलांची अवस्था याहून वेगळी नसते, कारण इंग्रजीतही या सगळ्यांना इन्व्हर्सच म्हणतात.

शब्द मात्र चुकीचा नाही, उलट फार चांगला आहे. व्यस्त नेहमी कुठल्यातरी क्रियेच्या संदर्भात असते. क्रिया बेरीज असेल तर ५ आणि −५ एकत्र येऊन ० होतो, आणि ० मिळवल्याने काहीच बदलत नाही. क्रिया गुणाकार असेल तर ५ आणि १/५ मिळून १ होतो, आणि १ ने गुणल्याने काहीच बदलत नाही. फलांच्या बाबतीत क्रिया असते एकापुढे एक फल लावण्याची. फ आणि फ⁻¹ एकापुढे एक लावले की 'जे आत गेले तेच बाहेर आले' असे काहीच न बदलणारे फल मिळते. तिन्ही ठिकाणी कल्पना एकच आहे, बदलते ती क्रिया. हे तीन ओळींत फळ्यावर मांडायला पाच मिनिटे लागतात आणि ती पाच मिनिटे वाचवू नयेत. (व्यस्त चलनाचे फल, क/क्ष, हे तर स्वतःच स्वतःचे व्यस्त फल आहे. १२/क्ष मध्ये ३ टाका, ४ येतात, पुन्हा ४ टाका, ३ परत.)

चिन्हाचेही तेच. माथ्यावरचा −१ हा घातांक दिसतो, आणि ५⁻¹ म्हणजे १/५ हे ती घातांकांच्या धड्यात शिकून आलेली आहे. व्यस्त फलासाठी ही खूण इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेलने १८१३ मध्ये वापरली. त्यामागचा विचार असा की फ दोनदा लागोपाठ लावला तर ते फ², मग एकदा मागे आला तर फ⁻¹. या पद्धतीत घातांक म्हणजे 'किती वेळा लावले' याची मोजणी, गुणाकाराशी त्याचा संबंध नाही. हे सांगितले की खूण लक्षात राहते. नुसते 'इथे तो घातांक नसतो बरं का' असे बजावून राहत नाही.

आता सराव. रोज ३५ मिनिटे, पाच दिवस, आणि पाचही दिवस एकच नियम: कुठलेही उत्तर 'ये-जा' तपासल्याशिवाय पूर्ण मानायचे नाही. डोमेनमधली, म्हणजे फलात टाकायची मुभा असलेल्या संख्यांमधली, एक संख्या घ्यायची, फ मधून पाठवायची, जे येईल ते आपल्या फ⁻¹ मधून परत आणायचे. मूळची संख्या परत आली पाहिजे. एवढे केले असते तर तिच्या पाच चुका तिथल्या तिथे तिलाच दिसल्या असत्या. सातव्या प्रश्नात १ पाठवा: १ + ३ = ४, पाचपट २०. तिच्या उत्तराने परत आणा: २० − ३ = १७, भागिले ५ म्हणजे ३.४. एक परत आला नाही.

तपासायची संख्या निवडणे हेही शिकवावे लागते. मुले ० किंवा १ घेतात, कारण सोपे पडते, आणि नेमक्या त्याच संख्या चूक लपवतात. फ(क्ष) = (क्ष + १)/२क्ष घेतले तर फ(१) = १. इथे कुणी फ⁻¹ म्हणून १/फ लिहिले तरी १ ची ये-जा बिनबोभाट पार पडते. चौथ्या प्रश्नात २ घेतला तरी तसेच: फ(२) = १, आणि २ + √० असो की २ − √०, दोन्हीकडून २ च परत येतो. म्हणून टोकाचा बिंदू, ० आणि १ सोडून संख्या घ्यायची, जमल्यास दोन घ्यायच्या.

पहिला दिवस: सूत्र नाही, फक्त तक्ता. क्ष च्या किमती ०, १, २, ३, ४ आणि त्यांच्यासमोर फ च्या किमती ३, ५, ४, १, ०. प्रश्न तोंडी: फ(१) किती? ५. फ⁻¹(५) किती? १. फ⁻¹(४)? इथे ती थबकते, कारण सवयीने १/फ(४) काढायला जाते आणि फ(४) आहे ०. शून्याने भागता येत नाही, तरीही तक्त्यात बोट ठेवून पाहिले तर ४ हे उत्तर २ कडून आले आहे, म्हणजे फ⁻¹(४) = २. गुणाकार व्यस्त आणि व्यस्त फल हे दोन वेगळे आहेत, हे कुठल्याही व्याख्येपेक्षा हा एक तक्ता नीट पटवतो. मग विचारायचे फ⁻¹(२). खालच्या ओळीत २ नाहीच, म्हणून त्याला उत्तर नाही. फ ची रेंज, म्हणजे फ मधून बाहेर येणाऱ्या सगळ्या किमती, हेच फ⁻¹ चे डोमेन, ही गोष्ट इथे नियम म्हणून न सांगता दिसून जाते.

त्याच दिवशी दुसरा तक्ता: हजेरी क्रमांक आणि जन्माचा महिना. क्रमांकावरून महिना सांगता येतो. महिन्यावरून क्रमांक? वर्गात तेरा मुले असली तरी दोघांचा महिना एक येणारच, मग परतीची वाट ठरत नाही. वन-वन नसलेल्या, म्हणजे दोन वेगळ्या किमतींना एकच उत्तर देणाऱ्या, फलाला व्यस्त का नाही, याला आणखी स्पष्टीकरण लागत नाही.

दुसरा दिवस: क्रियांची साखळी. डब्याचे झाकण लावून डबा दप्तरात ठेवला, तर खायच्या वेळी आधी दप्तर उघडावे लागते, मग झाकण. सातव्या प्रश्नात तिने क्रिया दोन्ही बरोबर उलटवल्या, क्रम उलटवला नाही. 'आधी ५ ने भागा, मग ३ वजा करा' हे उत्तर. तेच फल ५क्ष + १५ असे उलगडले तर व्यस्त (क्ष − १५)/५ येते, आणि ते क्ष/५ − ३ इतकेच आहे. दोन्ही वाटांनी गेल्यावर उत्तर एकच येते, हे तिने स्वतः करून पाहायचे.

या दिवसाचे मुख्य गणित भास्कराचार्यांच्या लीलावतीतले घ्यावे. सुमारे ११५० च्या या ग्रंथात व्यस्तविधी नावाचे स्वतंत्र प्रकरणच आहे: भागाकाराचा गुणाकार करा, गुणाकाराचा भागाकार, वर्गाचे मूळ, मुळाचा वर्ग, उणेचे अधिक, अधिकाचे उणे. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात ज्यांच्या घराण्याची नोंद आहे, त्या गणितज्ञाने व्यस्त फलाचा हा सराव साडेआठशे वर्षांपूर्वी रचून ठेवला आहे. उदाहरण असे: एका संख्येला ३ ने गुणा, गुणाकारात त्याचाच तीन-चतुर्थांश मिळवा, ७ ने भागा, त्यातून त्याचाच एक-तृतीयांश वजा करा, वर्ग करा, ५२ वजा करा, वर्गमूळ घ्या, ८ मिळवा, १० ने भागा. उत्तर २. संख्या कोणती?

शेवटाकडून चालत या. २ गुणिले १० म्हणजे २०. उणे ८, १२. वर्ग १४४. अधिक ५२, १९६. मूळ १४. आता इथे सावध. कशातून तरी त्याचाच एक-तृतीयांश गेला आणि १४ उरले. १४ मध्ये १४ चा तृतीयांश मिळवून चालणार नाही. उरले ते दोन-तृतीयांश, म्हणून १४ चा निम्मा मिळवायचा: २१. सातपट १४७. यात तीन-चतुर्थांश मिळवलेला आहे, म्हणजे १४७ हे पावणेदोन पट झाले. त्यातून तीन-सप्तमांश काढायचा: ८४. भागिले ३, उत्तर २८.

तृतीयांशाच्या जागी निम्मा आणि चतुर्थांशाच्या जागी सप्तमांश, हा बदल लीलावतीत वेगळ्या श्लोकात सांगितला आहे, कारण चूक इथेच होते. आपल्या विद्यार्थिनीचा पाचवा प्रश्नही इथेच सुटतो. १८ टक्के मिळवणे म्हणजे १.१८ ने गुणणे. व्यस्त म्हणजे १.१८ ने भागणे: २९५० ÷ १.१८ = २५००. वजाबाकीनेच करायचे तर २९५० चे १८/११८ काढावे लागतील, ते ४५०. तिने १८ टक्के काढले ते बिलाचे, आणि कर लागला होता मूळ किमतीवर. 'कशाचे टक्के' हा प्रश्न तिला टक्केवारीच्या धड्यात माहीत आहे, फक्त इथे तो आठवला नाही.

लीलावतीच्या गणितात आणखी एक गाठ आहे, ती पाचव्या दिवसासाठी राखून ठेवावी.

तिसरा दिवस: सूत्र आणि आलेख. कृती चार ओळींची. य = फ(क्ष) लिहा. क्ष साठी सोडवा. जे आले ते फ⁻¹(य) म्हणून लिहा. शेवटी हवे तर य च्या जागी क्ष लिहा. क्ष-य ची अदलाबदल सुरुवातीलाच केली तरी उत्तर तेच येते, पण मधल्या ओळींचा अर्थ हरवतो आणि मुले ती अदलाबदल म्हणजेच व्यस्त काढणे असे समजू लागतात. आधी सोडवा, नाव शेवटी बदला, हाच क्रम अधिक सुरक्षित. तापमानाचे उदाहरण घ्या. फॅरनहाइट = (९/५) × सेल्सिअस + ३२. व्यस्त: सेल्सिअस = (५/९) × (फॅरनहाइट − ३२), म्हणून ९८.६ चे ३७. इथे अक्षरे बदलली तर सेल्सिअसचे नाव फॅरनहाइटला लागेल. अर्थ असलेल्या राशींची नावे कधीच बदलायची नाहीत.

आलेखासाठी ट्रेसिंग पेपर किंवा पातळ आलेख कागद. बिंदू (१, ३) म्हणजे '१ पाठवला, ३ आले'. व्यस्तात '३ पाठवले, १ आला', म्हणजे (३, १). सहाव्या प्रश्नाचे उत्तर (१, ०), (३, १), (४, २). बिंदू शाईने काढून कागद य = क्ष या रेषेवर दुमडला की ते दुसऱ्या बाजूला नेमके तिथे उमटतात. पण दोन्ही अक्षांवर प्रमाण एकच हवे. क्ष-अक्षावर १ सेंमी = १ एकक आणि य-अक्षावर १ सेंमी = २ एकक घेतले, तर (१, ३) हा बिंदू १ सेंमी आणि १.५ सेंमीवर बसतो. कागदाच्या ४५ अंशांच्या घडीने तो १.५ सेंमी आणि १ सेंमीवर जातो, आणि तिथे वाचायला मिळते (१.५, २). मुलांना 'जागा वाचवा, प्रमाण बदला' ही सवय सांख्यिकीच्या आलेखांतून लागलेली असते. इथे ती सोडायला लावावी.

चौथा दिवस: अपूर्णांकी फल. तिसऱ्या प्रश्नातली चूक वेगळ्या जातीची आहे आणि तिला सर्वात जास्त वेळ द्यावा. य एकटा डाव्या बाजूला दिसला की सोडवणे संपले, असे तिला वाटते, मग उजवीकडे दुसरा य असला तरी. याचे कारण आधीच्या वर्गांत सापडते. तिथे ५य = २य + ९ अशी समीकरणे असत, दोन्ही सहगुणक संख्या, वजा केले की ३य. इथे एक सहगुणक अक्षर आहे. २ आणि एक अक्षर यांची वजाबाकी होऊन एक संख्या येत नाही, म्हणून हात थांबतो. पायऱ्या अशा लिहवून घ्याव्यात:

य(क्ष − ४) = २क्ष + ३
य·क्ष − ४य = २क्ष + ३
य·क्ष − २क्ष = ४य + ३
क्ष(य − २) = ४य + ३
क्ष = (४य + ३)/(य − २), य ≠ २

तिसरी ओळ लिहिताना 'क्ष असलेले सगळे एका बाजूला, बाकी सगळे दुसऱ्या' असे मोठ्याने म्हणायला सांगावे. चौथ्या ओळीत क्ष सामाईक काढला की क्ष एकदाच उरतो, आणि तोवर भागायचे नाही. तिची चूक नेमकी ही: सामाईक काढण्याआधीच तिने भागले. तपासणी: फ(५) = १३, आणि (५२ + ३)/११ = ५. परत आला.

य ≠ २ कुठून आले, हे छेद शून्य होतो एवढ्यावर सोडू नये. (२क्ष + ३)/(क्ष − ४) म्हणजेच २ + ११/(क्ष − ४). दुसरे पद कधीच शून्य होत नाही, म्हणून हे फल २ ही किंमत कधीच देत नाही. जे बाहेर येतच नाही ते परत कसे पाठवणार?

घरी करायला तीनच गणिते, पण निवडक. (३क्ष + ५)/(क्ष − ३) याचे व्यस्त तेच निघते. मुलांना वाटते आपले चुकले. ४ टाका, १७ येतात, १७ टाका, ५६/१४ म्हणजे ४ परत. दुसरे (क्ष + १)/२क्ष, व्यस्त १/(२क्ष − १). तिसरे (२क्ष + ४)/(क्ष + २). यात पायऱ्या करत गेले की क्ष(य − २) = ४ − २य, आणि यांत्रिकपणे क्ष = −२ येते. मग कळते की हे फल सगळीकडे २ च होते, त्याला व्यस्त असूच शकत नाही. (अ·क्ष + ब)/(क·क्ष + ड) चे व्यस्त (−ड·क्ष + ब)/(क·क्ष − अ), अट अ·ड − ब·क ≠ ०, हे तयार सूत्र या तीन गणितांनंतर द्यावे, आधी देऊ नये.

पाचवा दिवस: वर्ग आणि डोमेन. चौथ्या प्रश्नातली 'क्ष ≤ २' ही अट तिने वाचली, पण वापरली नाही, कारण कृतीत ती वापरायची जागाच नव्हती. जागा करून द्यावी. आधी तक्ता: २ वरून १, १ वरून २, ० वरून ५, −१ वरून १०. मग:

य − १ = (क्ष − २)²
√(य − १) = |क्ष − २|
क्ष ≤ २, म्हणून |क्ष − २| = २ − क्ष
क्ष = २ − √(य − १), य ≥ १

केवलमूल्याची दुसरी ओळ सक्तीची. ± लिहिण्याची मुभा दिली की मुले शेवटी सवयीने अधिक चिन्ह उचलतात. तिसऱ्या ओळीत अट वापरल्याशिवाय पुढे सरकताच येत नाही. तिच्या उत्तरात ० ची ये-जा पाहा: फ(०) = ५, आणि २ + √४ = ४. शून्य गेला, चार परत आले. बरोबर उत्तराने २ − २ = ०.

आता लीलावतीची राखून ठेवलेली गाठ. १९६ चे मूळ १४ घेतले. −१४ घेतले तर? −१४ वरून −२१, मग −१४७, −८४, −२८. आणि −२८ पहिल्यापासून साखळीतून पाठवा: −८४, −१४७, −२१, −१४, १९६, १४४, १२, २०, २. तेही बसते! साखळीत वर्ग आहे, म्हणून ती वन-वन नाही. धन संख्या शोधायची हे गृहीत धरल्यामुळेच २८ हे एकमेव उत्तर ठरते. दुसऱ्या दिवशी सहज सोडवलेल्या गणितात डोमेनची अट लपलेली होती, हे तिने स्वतः शोधले तर उत्तम, नाहीतर −२८ फळ्यावर लिहून 'हे चालेल का?' एवढेच विचारावे.

आठवड्याने दुसरी चाचणी, प्रश्न मुद्दाम मिसळलेले. फ(क्ष) = ३ − २क्ष, फ⁻¹(९)? तिने −३ लिहिले, शेजारी तपासणी ३ + ६ = ९. अपूर्णांकी फल पूर्ण सुटले, क्रम उलटला, टक्केवारीत भागाकार आला. एक चूक मात्र उरली आणि ती शिकवणाऱ्यालाही काही शिकवते. प्रश्न होता फ(क्ष) = √(क्ष − ३) + २. तिचे उत्तर (क्ष − २)² + ३, पुढे कसलीही अट नाही. तपासणी तिने केली होती: फ(७) = ४, परत ४ + ३ = ७. जमले.

जमले, कारण ये-जा एकाच टोकापासून झाली. फ मधून निघालेली संख्या २ पेक्षा लहान असूच शकत नाही, म्हणून अट नसल्याचा त्रास त्या वाटेवर जाणवत नाही. दुसऱ्या टोकापासून निघा. तिच्या फ⁻¹ मध्ये ० टाका: ४ + ३ = ७. ते फ मधून पाठवा: ४. शून्य परत आला नाही. म्हणजे ० ला फ⁻¹ च्या डोमेनमध्ये जागा नाही, आणि उत्तरात 'क्ष ≥ २' लिहिणे भाग आहे. व्याख्येत फ⁻¹(फ(क्ष)) = क्ष आणि फ(फ⁻¹(क्ष)) = क्ष या दोन्ही ओळी असतात त्या याचसाठी. सरावाच्या वहीत 'ये-जा' च्या खाली 'जा-ये' ची दुसरी ओळ पहिल्या दिवसापासून आखून द्यायला हवी होती.

ती ओळ बारावीत रोज लागते. साइन १५०° = १/२, आणि कॅल्क्युलेटरवर साइन⁻¹ चे बटण दाबले की १/२ वरून ३०° परत येतात, १५०° नाही. १/साइन ३०° मात्र २ आहे. बटण काय परत देते आणि का, हे तिला आता विचारून पाहावे.